वन बीएचकेत बाळंतिणीची खोली

लेकीला पाचवा महिना लागला त्या आठवड्यात अकलूजहून विहीणबाईंचा फोन आला. आधी सोलापूरच्या उन्हाची चौकशी झाली, मग माझ्या गुडघ्यांची, मग आमच्या बिल्डिंगच्या पाण्याची. नळाला पाणी किती दिवसांआड येतं असं त्यांनी विचारलं, तेव्हाच गाडी कुठं चालली आहे ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"पहिलं बाळंतपण माहेरी, ते आमालाबी कळतंय," त्या म्हणाल्या. "पण विहीणबाई, तुमच्याकडं जागा कुटं हाय? हितं आमच्या चार खोल्या मोकळ्या पडल्यात. तुमीच या की हिकडं."

मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. लागलं ते अशासाठी की त्यांचं म्हणणं खरं होतं. आमचं घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, आणि दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं दारातूनच बोलावं अशी बाल्कनी. बेडरूममध्ये डबल बेड आणि लोखंडी कपाट. उरलेल्या जागेतून एका वेळी एकच माणूस जाणार, तोही अंग चोरून. या घरात बाळंतीण, बाळ, बाळाचा पाळणा, बाळंतिणीची आई आणि वर बघायला येणारे पाहुणे बसवायचे होते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं आवाज खाली आणला होता, म्हणजे सासूबाई शेजारच्या खोलीत असणार. "आई, मला तुझ्याकडंच यायचंय," ती म्हणाली. "पण तू त्यांच्याशी भांडू नकोस. त्या वाईट नाहीत."

भांडण्याचा प्रश्नच नव्हता. मी दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना सरळ आमंत्रण दिलं. या, घर बघा, आणि तुम्हीच ठरवा. पुढच्या महिन्यात त्यांच्या लांबच्या नात्यातलं एक लग्न सोलापुरात होतं. लग्न लागलं, जेवणं झाली की येते म्हणाल्या. खोली पटली तर सातव्या महिन्यात सुनेला स्वतः आणून सोडणार. नाही पटली तर बाळंतपण अकलूजला.

आता कोणी म्हणेल, केवढी काळजी लागली असेल. काळजी होतीच, पण त्याहून जास्त माझे हात शिवशिवत होते. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. एका कपाटात तीन कपाटांचं सामान बसवायचं असलं की मला हाक मारतात, आणि मला ते मनापासून आवडतं. इथं तर अख्खी खोली हातात मिळाली होती, महिन्याभराचा वेळ होता आणि परीक्षा घ्यायला साक्षात विहीण येणार होती.

माझ्या याद्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या असतात. जुन्या सगळ्या काढल्या आणि एकच नवी लावली. तिच्यात मी एकही वस्तू लिहिली नाही. फक्त कामं लिहिली. झोपणं, दूध पाजणं, न्हाणं, बाळाला झोपवणं, कपडे वाळवणं, पाहुण्यांना बसवणं. लहान घर लावायची माझी हीच रीत आहे. वस्तूंची यादी केली की घर भरत जातं. कामांची केली की काय काय बिनकामाचं आहे ते दिसायला लागतं.

सगळ्यात बिनकामाचा ठरला डबल बेड. त्यावर माणसं सात-आठ तास झोपतात, पण जागा तो चोवीस तास अडवतो. मी तो काढायचा म्हटल्यावर ह्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, मग आपण कुठं झोपायचं. तुम्ही हॉलमधल्या दिवाणावर, मी लेकीजवळ, असं सांगितल्यावर त्यांनी दिवाणाकडे एकदा नीट पाहून घेतलं. हे टॉवेल-चादरींच्या कारखान्यात आहेत. सगळी नोकरी त्याच धंद्यात झाली. मालाच्या गठ्ठ्यांवर झोपलेला माणूस आहे, दिवाणाला काय भिणार.

पलंग हलवण्याआधी त्याचा पेटारा रिकामा करणं आलं. सोलापुरातल्या पलंगाच्या पेटाऱ्यातून काय निघतं ते बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो की निरोप समारंभ, आहेर चादरीचा नाहीतर टॉवेलचा. आहेरात आलेली चादर कोणी अंथरत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतच पलंगात जाते आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या घरी जाते. खबरदारी एकच, ज्या घरातून आली त्याच घरात परत जाता कामा नये. म्हणून मी प्रत्येक पिशवीत देणाऱ्याची चिठ्ठी घालून ठेवते. काही चादरी शहराला दोन-दोन चकरा मारून आल्या असाव्यात, असा मला संशय आहे. तर त्या सगळ्या बाहेर आल्या आणि हॉलमध्ये खिडकीच्या गजांपर्यंत ढीग लागला. पलंग ह्यांच्या कारखान्यातल्या एकानं नेला. खोली रिकामी झाली आणि मी मधोमध उभी राहून एकदा गोल फिरले. अठरा वर्षं राहतोय त्या घरात, आणि ही खोली मी पहिल्यांदाच अख्खी पाहत होते.

समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का आवाज ऐकून डोकावल्या. त्यांचं माहेर विणकरांचं. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. लहानपणी त्यांच्या घरी एकाच खोलीत माग, स्वयंपाक आणि सगळं कुटुंब. त्यांना मी बेत सांगितला तर त्या भिंतींकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडं आधी मागाला जागा, मग माणसांना. जमिनीवर काहीच ठेवायचं नाही. सगळं वर."

'सगळं वर' हे मी यादीच्या वरच लिहून टाकलं. दाराच्या चौकटीवर, छतापासून हातभर खाली, खोलीभर एक फळी टाकली. चादरींचा निम्मा ढीग तिथं गेला. दाराच्या मागे कापडी कप्प्यांची पट्टी टांगली, तिच्यात तेलाची बाटली, पावडर, लंगोट, दुपटी. कपाटाच्या बाजूला खुंट्या. दुपटी वाळवायला बाल्कनीत कप्पीवर वर-खाली होणारा दांडा. लहान घरात राहणाऱ्यांना एक सांगते, दारामागची जागा आणि डोक्यावरची जागा, या दोन जागांचं भाडं आपण भरतो आणि वापरत मात्र नाही. खिळा ठोकायच्या आधी मात्र आतून वायर कुठून गेली आहे ते बघा. स्विचच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीही ठोकू नका.

मग न्हाणीघर. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय लांब पसरून बसते आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालते. ही गोष्ट फ्लॅटची न्हाणीघरं काढणाऱ्यांच्या गावीही नसते. मी पाट मांडला, पाय पसरले, नडग्यांवर टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि बसले. पाय दाराबाहेर. पाट तिरपा केला, बादली कोपऱ्यात सरकवली, तरी पावलं उंबऱ्यावर. शेवटी वॉशिंग मशीन स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेलं आणि माझे पाय आत आले. ह्यांनी दारातून पाहिलं, टॉवेलच्या गुंडाळीकडे बघितलं आणि कोणावर गेलंय म्हणून विचारलं. तुमच्याच कारखान्यावर, मी म्हटलं.

सगळ्यात मजा आली ती झोळीच्या हुकाची. आमच्या भागात पाळण्यापेक्षा साडीची झोळी बाळांना जास्त मानवते, आणि झोळीला छताला हूक लागतो. फ्लॅटमध्ये हूक एकच असतो, पंख्याचा. घरचं साधं ड्रिल स्लॅबला पुरत नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून हातोड्याचा ठोका देणारं मशीन आणलं. डोळ्यांना गॉगल, डोक्याला टॉवेल बांधून मी स्टुलावर चढले, ह्यांनी स्टूल धरलं आणि डोळे मिटून घेतले. जागा मी आधीच दोरीला कुलूप बांधून ठरवली होती. झोका भिंतीला लागणार नाही, पंख्यापासून लांब राहील आणि पडल्या पडल्या आईच्या हाताला दोरी येईल अशी. भोक पाडून आत पसरणारा लोखंडी बोल्ट ठोकला आणि त्याला हूक पिळला.

पण नुसता पिळून झोप कशी लागणार? हुकाची परीक्षा झाल्याशिवाय मी त्यावर मांजरसुद्धा टांगलं नसतं. म्हणून जुनी सुती साडी बांधली आणि तिच्यात मंगळवेढ्याच्या ज्वारीचं वीस किलोचं पोतं ठेवलं. ते तिथंच राहू द्यायचं आणि येता-जाता झोका द्यायचा. आम्हाला दोघांनाही, आणि समोरच्या अक्कांनाही, त्या 'बाळा'ची सवय लागली. हे क्रिकेट बघता बघता दोरी ओढायचे. एकदा मी खोलीत काही पाडलं तर मला म्हणाले, "हळू. आत्ताच डोळा लागलाय ज्वारीचा."

आता उरला होता मुख्य पलंग. बेत असा होता. खिडकीसमोरच्या भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक अरुंद बाक. त्यावर सहा फुटांची गादी. पायाकडच्या टोकाला झाकणाची पेटी, आत बाळाचे कपडे आणि वर ताट ठेवता येईल. बाकाची उंची गुडघ्याएवढी, उठताना बाळंतिणीला जोर लावायला लागू नये म्हणून. आणि बाकाच्या पोटात चाकांवरची दुसरी गादी, माझी. रात्री ओढायची, सकाळी ढकलायची. बाक भिंतीपासून भिंतीपर्यंत हवा हा माझा हट्ट होता. लहान खोलीत फर्निचर आणि भिंत यांत चार बोटांची फट राहिली, की ती जागा आपलीही राहत नाही आणि केरसुणीचीही.

चाकांची गादी मी आधीच जोडून ठेवली होती. बाकाच्या फळ्या कापून आणायला मी प्लायवूडच्या दुकानात गेले. अशा दुकानात माप दिलं की मशीनवर कापून देतात, घरी आणून स्क्रू आणि काटकोनी पट्ट्यांनी जोडायचं. सुतार शोधत बसावं लागत नाही. भिंतीचं माप मी पलंग जागेवर असताना अंदाजानं काढलेलं होतं. कापायच्या आधी ते पक्कं करावं म्हणून ह्यांना फोन लावला. टेप शोधली, सापडेना. सापडणार कशी, ती माझ्या पर्समध्ये होती.

"थांब," हे म्हणाले, "चादर लावून बघतो."

यात आम्हा दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. सोलापुरी सिंगल चादर म्हणजे साठ-नव्वद. रुंदी साठ इंच, लांबी नव्वद. इथं ते पाढ्यासारखं पाठ असतं. कारखान्यातला माणूस तर झोपेतही सांगेल. थोड्या वेळानं ते म्हणाले, बरोबर एक चादर आणि वर चार बोटं. नव्वद आणि तीन, त्र्याण्णव इंच. माझ्या अंदाजापेक्षा हे चांगलंच जास्त होतं, आणि मला इतका आनंद झाला की शंका घ्यायचं सुचलंच नाही. लहान घरात जास्तीचे सहा इंच सापडणं म्हणजे काय असतं, ते लहान घरातल्यालाच कळेल. मी उभ्या उभ्या पायाकडची पेटी मोठी करून टाकली.

मशीनवरचे चाचा पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "बाजी, माप पक्का है ना? कटिंग के बाद वापस नै होता."

पक्का आहे म्हटलं.

रविवारी लग्न होतं. दुपारी जेवणं आटोपून विहीणबाई येणार, म्हणजे आमच्या हातात अख्खी सकाळ. चहा घेतला आणि पहिली लांब फळी आम्ही दोघांनी उचलून खोलीत नेली. मी एक टोक भिंतीला टेकवलं. दुसरं टोक ह्यांच्या हातात, आणि ते काही जागेवर बसेना. फळी तिरपी झाली आणि दोन भिंतींमध्ये अडकून बसली. मी पर्समधून टेप काढली. भिंत सत्त्याऐंशी इंच.

"कुठली चादर लावली होती?" मी विचारलं.

"आपली रोजची."

"हिरवी?"

"हिरवी."

हिरवी चादर आमच्या लेकीच्या शाळेच्या दिवसांतली. किती वेळा धुतली असेल त्याची गणती नाही. धुवून धुवून आटली होती. घरात त्या क्षणी ज्वारीशिवाय कोणी शांत नव्हतं. मी पटकन हिशेब केला. दोन लांब फळ्या आणि पेटीचं झाकण पाच-सहा इंच कमी केलं की झालं. समोरून करवत आणावी, दुपारपर्यंत बाक उभा. मी अक्कांकडून करवत घेऊन दारात येते तर जिन्यात विहीणबाई. लग्नाची जरीची साडी, अंबाडा, हातात पिशवी. लग्न लागायला वेळ होता, म्हणून आधीच आल्या होत्या.

मी करवतीसकट त्यांचं स्वागत केलं.

त्यांनी घर बघितलं. हॉलमध्ये चादरींचा उरलेला ढीग, दिवाणावर स्क्रूचे डबे, बेडरूमच्या दारातून आत पाऊल टाकलं की पोटाला लागेल अशी आडवी फळी. त्या फळीखालून वाकून आत गेल्या. झोळीजवळ थांबल्या. साडीचा पदर दोन बोटांनी बाजूला केला आणि आतल्या पोत्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कुणाचं?"

"आमचंच," हे दारातून म्हणाले. "वीस किलो."

"चांगलं बाळसं धरलंय," त्या म्हणाल्या आणि पदर परत नीट झाकला.

फळी अशी का अडकलीय, हे मी लपवलं नाही. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या ह्यांच्याकडे बघत. "इवाई, तुमचा जल्म गेला चादरीत. धुतल्यावर आटती, ते ठावं न्हाय व्हय?"

"आम्ही न धुतलेली विकतो," हे म्हणाले. "पुढचं गिऱ्हाईक बघतं." आणि दूध आणायचं निमित्त काढून खाली गेले.

मग मी विहीणबाईंना सगळं दाखवलं. दारामागचे कप्पे, वर-खाली होणारा दांडा, न्हाणीघरात पाय पसरायची जागा. दांडा त्यांनी स्वतः दोनदा खाली-वर करून पाहिला. बाळाला धुरी कुठं देणार म्हणाल्या. बंद खोलीत धूर करायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, गरम पाण्याच्या पिशवीनं शेक देणार, असं मी सांगितलं. फिरून आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"विहीणबाई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमी लई केलंय. पण पोरीनं हितं पाय कुटं पसरायचे?"

महिन्याभराच्या कामावर पाणी पडलं. काही सुचलं नाही की मी काम करते. फळी टोकानं उचलून सोडवली, हॉलमध्ये आणून दोन स्टुलांवर आडवी टाकली, टेप लावून रेघ मारली आणि करवत लावली. फळी नाचायला लागली. एका हातानं धरून दुसऱ्या हातानं कापायचं म्हणजे रेघ वाकडी जाणार.

"जरा यावर बसता का?" मी म्हटलं. "वजन हवंय."

मला वाटलं नव्हतं त्या बसतील. त्यांनी साडी सावरली आणि फळीवर अशा बसल्या की ती जागची हलली नाही. मी कापायला लागले. प्लायचा भुसा त्यांच्या जरीवर पडत होता, आणि त्या झटकत नव्हत्या. थोड्या वेळानं बोलायला लागल्या. माझ्याकडे बघून नव्हे, समोरच्या ढिगाकडे बघून. मुलगा दिवसभर साखर कारखान्यावर असतो. घरचे मालक शेतावर, नाहीतर गावच्या बैठकांना. इतकी वर्षं त्या घरात दुपारी फ्रिजचाच काय तो आवाज. सून आल्यापासून स्वयंपाकघरात बोलणं सुरू झालं. सून भाजी निवडता निवडता शाळेतल्या गोष्टी सांगते, त्या भावकीतल्या भानगडी सांगतात. दुपारचा चहा दोघींचा असतो.

करवत मध्यावर आली होती.

"चार-पाच म्हैनं ती हितं आली, तर मी तितं कुणासंगं बोलू?" त्या म्हणाल्या.

मी करवत थांबवली.

"तुमी म्हनाल, या की बगायला. यीन मी. पर पावन्यागत दारातनं बगायचं आन् जायचं. हितं मला कुटं झोपवनार तुमी?"

मला तेव्हा त्या फोनमधल्या चार मोकळ्या खोल्या आठवल्या. मी उठले, बेडरूममध्ये गेले आणि कोपऱ्यात उभी केलेली चाकांची गादी आडवी करून, ढकलत ढकलत हॉलमध्ये त्यांच्या पायांपाशी आणून थांबवली.

"इथं," मी म्हटलं. "दहा दिवस राहा, महिना राहा. सुनेच्या अगदी खाली. रात्री तिनं हात खाली सोडला तरी तुम्हाला लागेल."

त्यांनी गादीकडे बघितलं. "ही तर तुमची हाय न्हवं?"

"तुम्ही असाल तेव्हा मी दिवाणावर."

"मग मी?" दारातून ह्यांचा आवाज आला. दुधाची पिशवी हातात घेऊन हे कधीपासून तिथं उभे होते कोण जाणे.

"तुम्हाला फरशी आहे," मी म्हटलं. "तुमची हिरवी चादर टाका. माप माहितीच आहे तुम्हाला."

विहीणबाई हसल्या आणि फळी हलली. रेघ तिथं थोडी वाकडी गेली आहे, अजून दिसते. मी उरलेलं कापलं. दुसरी फळी कापताना त्या आपणहून येऊन बसल्या. झाकण कापताना तर म्हणाल्या, जरा माझ्याकडं द्या, आणि खरोखर चार हात मारून पाहिले. माझी करवत जेवढी सरळ गेली नव्हती तेवढी त्यांची गेली. उसाच्या घरातली बाई, हाताला जोर होता.

तिघांनी मिळून फळ्या आत नेल्या. या वेळी टोक भिंतीला टेकलं आणि दुसरं टोकही हळूच, कसलाही आवाज न करता, भिंतीला जाऊन बसलं. मी त्या फटीत नख घालून पाहिलं. नख जाईना. एवढं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. स्क्रू पिळले, पट्ट्या आवळल्या, बाकावर गादी टाकली. चाकांची गादी खाली सरकवली, परत ओढली. सुळकन आली.

विहीणबाई म्हणाल्या, बघू तर द्या, आणि जरीच्या साडीतच खालच्या गादीवर आडव्या झाल्या. पाय लांब केले. पाय दाराला लागले नाहीत. मग कुशीवर वळून वरच्या बाकाकडे हात नेला, पोचतो का ते पाहिलं. पोचला.

"चादर द्या की एक," त्या म्हणाल्या.

मी रोजच्यातली एक काढायला गेले तोवर त्या उठून ढिगाजवळ पोचल्या होत्या. वरवरच्या पिशव्या चाळताना त्यांचा हात एका लाल चादरीवर थांबला. पिशवीतली चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती. 'अकलूज, साखरपुडा.'

"ही आमचीच की," त्या म्हणाल्या. "आजून उगडलीबी न्हाय."

मी काहीतरी पुटपुटले, चांगली म्हणून जपून ठेवली वगैरे. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. "तुमची आमच्या पेटीत हाय. तिलाबी चिठ्ठी हाय," त्या म्हणाल्या आणि पिशवी फाडली. कोऱ्या कापसाचा वास खोलीभर झाला. ह्यांनी सवयीनं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं, आणि चादर गादीवर पसरली. न धुतलेली, पक्की साठ-नव्वद. सहा फुटांच्या गादीवरून दोन्हीकडे खाली दुमडून उरली.

लग्न लागून गेलं असणार. तिकडच्या कोणाचा तरी फोन आला, तेव्हा त्यांनी उशीर झालाय, आहेर पाठवून देते, असं सांगून टाकलं. मग त्यांनी स्वतः एक फोन लावला, माझ्यासमोर, मोठ्यानं बोलत.

"खोली बगितली," त्या सुनेला म्हणाल्या. "चांगली हाय. सातव्यात आनून सोडते. आन् मीबी ऱ्हानार हाय. जागा हाय माजी हितं."

पलीकडून लेक काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण विहीणबाई बराच वेळ नुसत्या "व्हय, व्हय" करत राहिल्या, आणि मग फोन माझ्या हातात दिला. लेक रडत होती का हसत होती ते मला कळलं नाही. मी तिला बाकाची उंची सांगितली, झोळीची दोरी कुठं येते ते सांगितलं. ती म्हणाली, आई, फोटो पाठव. मी म्हटलं, नाही, येऊन बघ.

जेवायची वेळ टळून गेली होती आणि घरात भाताशिवाय काही नव्हतं. विहीणबाईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. जाता जाता झोळीपाशी थांबल्या.

"आदी ह्याला खाली उतरवा," त्या ह्यांना म्हणाल्या. "टांगून टांगून पोरकिडं पडतील. हुकाची परीक्षा झाली आता. जाऊन दळून आना, भाकरी टाकते."

ह्यांनी दोन्ही हातांनी पोतं झोळीतून उचललं. इतक्या दिवसांची सवय, डोक्याखाली हात घालावा तसं उचललं, असं मला वाटलं. मग ते खांद्यावर टाकून जिना उतरायला लागले. मी दारात उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. खालून अक्का वर येत होत्या.

"भाऊ, बाळाला कुठं घेऊन निघालात?"

"गिरणीत," हे म्हणाले. "आजीला भूक लागलीय."